उलटा हात

खुर्चीत फेसाने माखून बसलेल्या माणसाला सलूनमध्ये शेवटी एक प्रश्न विचारला जातो. "भाऊ, उलटा हात मारू का?" गेवराईच्या बसस्थानकापासून महामार्गापर्यंत या प्रश्नाला 'नको' असं उत्तर आलेलं कुणाच्या ऐकिवात नाही. नको कसं म्हणणार? पैसे तेवढेच, पंखा चालू, मागच्या बाकावर चौघे बघत बसलेले. मग वस्तरा गळ्याकडून हनुवटीकडे वर चढतो, खुंटांच्या मुळाशी भिडतो आणि गाल गुळगुळीत घोटला जातो. माणूस आरशात बघून गालावरून हात फिरवतो, खूश होतो. दुपारच्या उन्हात मान चरचरायला लागते. दुसऱ्या दिवशी लाल पुटकुळ्या दिसतात. दोष जातो ब्लेडला, बोअरच्या पाण्याला, साबणाला, नाहीतर न्हाव्याच्या हाताला. उलट्या हाताचं नाव कुणी घेत नाही, कारण तो आपणच मागून घेतलेला असतो.

प्रकार साधा आहे. दाढीचा केस कातडीतून काटकोनात वर येत नाही, एका बाजूला कललेला असतो. कललेल्या दिशेने पातं फिरलं तर तो कातडीच्या पातळीवर कापला जातो. उलट दिशेने फिरलं तर आधी ओढला जातो, मग कापला जातो आणि उरलेलं तिरकं, टोकदार मूळ कातडीच्या आत सरकतं. दोन दिवसांनी तो केस वाढतो. बाहेर यायची वाट सापडली नाही तर आतल्या आत वळून कातडीतच रुततो. मग आपलंच शरीर आपल्याच केसाला परका समजून त्याच्याभोवती सूज आणतं. ज्यांचे केस कुरळे, त्यांना हा ताप जास्त. गळ्यावर सगळ्यांनाच जास्त, कारण तिथे केसांची दिशा बोटाबोटाला बदलते. काहींच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी भोवरे असतात. आपल्या डोक्यावर भोवरा किती आणि कुठे, हे आपल्या आत्याबाईंनाही ठाऊक असतं. गळ्यावरचा भोवरा मात्र आपण कधी बोटाने चाचपून पाहिलेला नसतो.

कंपन्यांनी हाच उलटा हात यंत्रात बसवून विकला. १९७१ साली दोन पात्यांचं रेझर आलं. पहिलं पातं केस ओढून वर काढणार, दुसरं कापणार, अशी त्याची शेखी. म्हणजे केस कातडीच्या खाली कापण्याची हमी. मग तीन पाती झाली, २००६ मध्ये पाच झाली. एका फटक्यात पाच पाती गालावरून जातात आणि वर आपण तोच फटका चारदा मारतो. पाचा चोक वीस. एवढं खरवडल्यावर जे उरतं त्याला गाल म्हणायचं की सोललेली भेंडी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

यात एक गंमत आहे. भारतासाठी केलेलं एक रेझर जिलेट कंपनीने आधी अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांकडून तपासून घेतलं. मुलं खूश झाली. ती नळ सोडून दाढी करणारी मुलं. तेच रेझर इथे आलं तर पात्यांत केस अडकून बसले, कारण इथला माणूस वाटीभर पाण्यात ब्लेड विसळतो, वाहत्या नळाखाली नाही. मग साहेबलोक परत आले, घरोघर जाऊन माणसं दाढी कशी करतात ते पाहिलं, आणि २०१० मध्ये एकाच पात्याचं, सहज विसळलं जाणारं रेझर काढलं. तेव्हा दांडा पंधरा रुपये होता, कार्ट्रिज पाच रुपये. आता ज्यांच्या दाढीला पुटकुळ्या येतात त्यांना त्वचेचे डॉक्टर काय सांगतात? पाच पाती सोडा, एकपाती वापरा. म्हणजे आपल्या तांब्याभर पाण्याच्या टंचाईने जे शोधून काढायला लावलं ते स्वस्तात मिळतं, आणि आपण लग्नात आहेर आलेलं महागडं पाचपाती रेझर जपून वापरतो. जपून म्हणजे किती? अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, पाच ते सात दाढ्या झाल्या की ब्लेड फेकून द्या. आपल्याकडे ब्लेड दिवाळीला बदलतात. त्यानंतरही त्याला निवृत्ती नसते. नखं, उसवलेली शिवण, पोरांच्या पेन्सिली, अशी बरीच सेवा बाकी असते.

ब्लेड पोलादाचं आणि केस मऊ, मग धार जाते कशाने, असं वाटतं ना? २०२० साली त्याच एमआयटीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली. केस पोलादापेक्षा पन्नास पटीने मऊ, तरी तो धारेवर विशिष्ट कोनात आदळला की धारेचा बारीक टवका उडतो. असे टवके उडालेलं ब्लेड केस कापत नाही, उपटतं. मग आपण जोर लावतो. जोराने केस कापला जात नाही, कातडी कापली जाते.

केस आणखी मऊ करायचा तर एकच उपाय, पाणी. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं मुरला की केस फुगतो, कापायला जोर फार कमी लागतो. पण दोन-तीन मिनिटं कुणाकडे आहेत? पूर्वी होती. बलुत्याच्या काळात न्हावी धोकटी घेऊन दारात यायचा, झाडाखाली बसायचा, आणि नुसत्या पाण्याने दाढी चोळत राहायचा. चोळता चोळता कुणाच्या शेताच्या बांधावरून भांडण लागलं, कुणाची सोयरीक मोडली, निजामाच्या अंमलदाराने कुणाला बोलावलं, सगळं सांगून व्हायचं. गावगप्पा संपेपर्यंत केस भिजलेला असायचा. त्याची मजुरी वर्षाला एकदा धान्यात मिळणार, मग घाई कशाला करायची? ही आठवण काढून गहिवरायचं कारण नाही. त्याच धोकटीतला वस्तरा गावकुसाबाहेरच्या वस्तीसाठी बाहेर निघत नसे. आणि वर्षाकाठी मिळणारं धान्य न्हाव्याच्या घराला पुरतही नसे. पण केस भिजवण्याचा धडा तेवढा चांगला होता आणि तेवढाच आपण टाकून दिला. आता डबीतून फेस फुसकन बाहेर येतो, गालावर फासला जातो, आणि गिऱ्हाईक मोबाइलवर रील बघेपर्यंत अर्धी दाढी झालेली असते.

त्यात आपलं पाणी. काळ्या दगडातून उपसलेलं बोअरचं पाणी म्हणजे विरघळलेला चुना. साबणाचा अर्धा जीव त्या चुन्याशी भांडण्यातच जातो, फेस होतच नाही. उरते ती पांढरी साय. ती गालावर वाळते, तिच्यावरून ब्लेड अडखळत जातं आणि दाढी झाल्यावर गाल ताणल्यासारखा होतो. तालुक्याच्या उत्तर अंगाला गोदावरी, जायकवाडीचा कालवा शेताजवळून जातो, आणि दाढीला बोअरचं खारं पाणी! यावर कालवा समितीत ठराव होणार नाही, तेव्हा पिण्याच्या माठातलं वाटीभर पाणी कोमट करून घ्यावं. साबणाच्या वडीपेक्षा दाढीचं क्रीम जड पाण्यात बरं चालतं.

हे सगळं आपल्याला ठाऊक नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण खांदेमळणी करतो. जू घासून घासून बैलाचा खांदा सुजलेला असतो. आपण गरम पाण्याने तो शेकतो, मग तूप आणि हळद चोळतो. आधी कोमट पाणी, मग स्निग्ध काहीतरी, हात हलका, आणि दुसऱ्या दिवशी जू नाही. दाढीचं अख्खं शास्त्र एवढंच. ते बैलाच्या खांद्यापर्यंत पोचलं, मालकाच्या गालापर्यंत पोचलं नाही.

पोळ्यावरून श्रावण आला. आपल्याकडे दाढीला वारांचा धाक. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा आणि शनीचा. तालुक्यातच राक्षसभुवनला शनी बसलेला असल्याने शनिवारी ब्लेड हातात घ्यायची छाती कुणाची होत नाही. अमावास्या वेगळी, एकादशी वेगळी, सुतक वेगळं. पुरोगामी मंडळी याला अंधश्रद्धा म्हणतात. म्हणू देत. ज्यांच्या मानेवर पुटकुळ्यांची वस्ती झाली आहे त्यांना त्वचेचा डॉक्टर पहिलं काय सांगतो? तीन-चार आठवडे दाढीच करू नका, रुतलेले केस आपोआप बाहेर येऊ द्या. म्हणजे श्रावण पाळा. फी घेऊन सांगतो एवढाच फरक. शनिदेवाने साडेसातीत कुणाचं काय बिघडवलं असेल ते असो, गेवराईकरांच्या गालांवर मात्र त्याचे उपकार आहेत.

पण आपण उपकार फेडतो कसे? श्रावण संपला, पोळ्याची कर उजाडली की सलूनसमोर रांग. महिनाभराची दाढी, तिच्यावर थेट ब्लेड, तेही सरळ आणि उलटं दोन्ही. तीस दिवसांत कातडीने जे कमावलं ते दहा मिनिटांत घालवायचं. लांब केसांत ब्लेड भरतं, ओढतं, कातडी सोलते. आधी मशीन मारून केस बारीक करा, मग ब्लेड लावा, एवढं सांगायलाही कुणी थांबत नाही, कारण मागच्या बाकावरचे गणपतीच्या वर्गणीची पावती फाडत बसलेले असतात.

आता सार्वजनिक तुरटी. दाढी झाली की न्हावी ओल्या तुरटीचा खडा सगळ्या चेहऱ्यावर फिरवतो. तुरटीने बारीक जखमेचं रक्त थांबतं, हे खरं. गोदावरीचं पुराचं गढूळ पाणी निवळतं, हेही खरं. पण तो खडा तुमच्या आधी कुणाकुणाच्या गालावरून फिरून आला, त्याची नोंदवही नसते. ओला ब्रश तसाच, खांद्यावरचा टॉवेल तसाच. एड्सची धास्ती पसरल्यावर वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालायची पद्धत आली. ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला. फार चांगलं झालं. कावीळ ब आणि एचआयव्ही रक्तातून जातात, त्यांची वाट त्याने अडली. पण केसांच्या मुळाशी पू धरणारे जंतू आणि नायट्याची बुरशी यांना रक्ताची गरज नाही. टॉवेल आणि ब्रश त्यांना पुरतो. त्यामुळे "नवीन पातं टाकलं का?" असं डोळे वटारून विचारणारे आपण, त्याच टॉवेलाने तोंड खसाखसा पुसून घेतो.

आफ्टरशेव्हचा प्रकार त्याहून भारी. त्यातलं स्पिरिट सोललेल्या कातडीवर पडलं की डोळ्यांत पाणी येतं आणि आपण समाधानाने म्हणतो, "हां, लागू पडलं." जे झोंबतं ते औषध, ही आपली जुनी श्रद्धा. टिंचर आयोडीनवर वाढलेली पिढी आहे. खरं तर झोंबणं म्हणजे कातडीची तक्रार. थंड पाण्याने चेहरा धुवा, टिपून कोरडा करा, वासाचं काही न घालता साधं मॉइश्चरायझर लावा. पण त्याला मर्दाना वास येत नाही, ही त्याची अडचण.

एवढं करून मान लाल झाली की माणूस जातो मेडिकलवर. पांढरी, छोटी, स्वस्त ट्यूब. नाव घ्यायची गरज पडत नाही, "ती खाजेची द्या" म्हटलं की मिळते. दोन दिवसांत लाली गायब. माणूस मित्रांना सांगत सुटतो. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते सूज दाबतं, जंतू मारत नाही. बुरशी असेल तर ती त्याच्या आडोशाला निवांत पसरते आणि नायट्याची गोल कडा पुसली जाऊन रोग ओळखूच येत नाही. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि लावणं थांबवलं की आग दुप्पट. मग पुन्हा ट्यूब. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर आरडाओरडा केला, तेव्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम दिल्लीत आहे. ट्यूब कोपऱ्यावर आहे. पंधरा दिवसांत पुटकुळ्या गेल्या नाहीत, पू धरला किंवा गोल चट्टा पसरायला लागला, तर कोपऱ्यावर न जाता त्वचेच्या डॉक्टरकडे जावं, त्यासाठी बीडची बस पकडावी लागली तरी.

बाकी आमचे हवामान आणि आमचे नेते, दोघेही गळ्याच्या मुळावर उठलेले. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, ताज्या दाढीवर घाम उतरतो. मोटारसायकलवर तोंडाला रुमाल बांधायचा, त्यात महामार्गाची धूळ. सभेला गेलं की गळ्यात पक्षाचा पॉलिस्टरचा गमछा. पक्ष बदलला तरी गमछ्याचं कापड तेच असतं. घासून घासून मान सोलते आणि कार्यकर्ता म्हणतो, साहेबांसाठी घाम गाळला. हेल्मेटच्या पट्ट्याने गळा खरचटल्याची तक्रार मात्र तालुक्यातून अजून आलेली नाही.

नव्या पोरांनी यातून वाट काढली आहे. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर बघा. एकही गाल उघडा नाही. सगळे कोरलेल्या दाढीत, काळा चष्मा, हात जोडून. चेष्टा करायचा मोह होतो, पण त्वचेच्या बाबतीत ही पोरं शहाणी निघाली. ट्रिमरने केसाचा एखादा मिलिमीटर वर ठेवला की तो आत रुतायचा प्रश्नच नाही. फक्त कडा कोरताना गळ्यावर जे ब्लेड फिरतं तिथेच त्यांना पुटकुळ्या येतात. आणि पोलीस भरतीला निघालेल्यांची गोष्ट वेगळी. पहाटे महामार्गाच्या कडेने धावणाऱ्या या पोरांना पुढे गाल रोज घोटावा लागणार. त्यांनी तरी आतापासून सरळ हाताची सवय लावून घ्यावी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना या सदरातलं काही सांगण्याचा मला अधिकार नाही. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, कारखान्याच्या कोपीत सकाळी अंधारात उठायचं, थंड पाणी, तळहाताएवढा आरसा. उसाची कूस आणि पाचटाची धार दिवसभर तोंडावर. अशा गालावर ताजी दाढी म्हणजे जखमेवर कूस. म्हणून त्यांच्यातले कितीतरी जण फडावर दाढी वाढूच देतात. पाचपाती रेझरच्या जाहिरातवाल्यांपेक्षा त्यांना आपल्या कातडीची जास्त समज आहे. बाकी कशाचीच सोय तिथे त्यांना मिळत नाही, हा दुसऱ्या सदराचा विषय, आणि तिरकस लिहायचा नाही.

जाता जाता इतिहास. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं ठरवलं. धर्ममार्तंड, यजमान, गावकी, सगळ्यांच्या तोंडावर त्यांनी नको म्हटलं. त्यात त्यांचं उत्पन्न बुडत होतं तरी म्हटलं. ज्या व्यवसायाने वस्तरा हातात असताना एवढा मोठा नकार दिला, त्याच व्यवसायाच्या खुर्चीत बसून आपल्याला एका उलट्या हाताला नको म्हणवत नाही. कारण काय, तर मागच्या बाकावरचे चौघे काय म्हणतील.

तेव्हा येत्या रविवारी टॉवेल घरचा न्या. केस भिजेपर्यंत जरा गप्पा मारा, गावात विषयांना तोटा नाही. ब्लेड समोर मोडून घ्या. आणि तो प्रश्न आला की फेसातूनच सांगा, "सरळच मार. उलटा नको."